वजन, चरबी आणि कण्याचे हाड

१. अंगाने भरलेल्या माणसाची हाडे भक्कम असतात का?

हा प्रश्न डॉक्टरांना वारंवार विचारला जातो. त्यामागची समजूत सरळ आहे. किडकिडीत म्हातारी पडली की तिचे हाड मोडते आणि अंगाने भरलेली बाई मुक्या मारावर सुटते, हे अनेक घरांनी पाहिलेले असते. ही समजूत खोटी नाही. वजन कमी असणे ही हाडे ठिसूळ होण्याच्या धोक्याची एक मान्य खूण आहे. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने तयार केलेले ‘फ्रॅक्स’ हे गणित २००८ पासून जगभर वापरले जाते. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, हे त्यातून काढतात. त्यातही वय आणि लिंग यांच्या जोडीला वजन आणि उंची भरावी लागते.

तरीही हे उत्तर अर्धेच आहे, आणि पाठीच्या कण्यापुरते बोलायचे तर ते फसवेही ठरते. वजनकाटा सगळे शरीर एकत्र तोलतो. त्या किलोंमध्ये स्नायू किती, चरबी किती, ती चरबी मांड्यांवर आहे की पोटात, हे काट्याला कळत नाही. कण्याच्या हाडावर परिणाम होतो तो नेमका या वाटणीचा. शरीर कशाकशाचे बनले आहे या वाटणीला शरीररचना म्हणतात. दोन माणसांचे वजन आणि उंची तंतोतंत सारखी असूनही त्यांच्या मणक्यांची प्रत अगदी वेगळी असू शकते. महाराष्ट्रातल्या माणसांना हा मुद्दा विशेष लागू पडतो, आणि त्याचे कारण पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या एका दीर्घ अभ्यासातून समोर आले आहे. त्याकडे येण्याआधी मणका आतून कसा असतो आणि त्याची प्रत कशी मोजतात, हे पाहावे लागेल.

२. मणक्याच्या आत

मांडीचे हाड बाहेरून जाड, घट्ट कवचाचे असते. मणक्याचे तसे नसते. त्याचे कवच पातळ असते आणि आतला बहुतेक भाग हाडाच्या बारीक काड्यांनी व पत्र्यांनी विणलेला असतो. या विणीच्या पोकळ्यांत मज्जा भरलेली असते. शरीरातले रक्त जिथे तयार होते त्या मोठ्या जागांपैकी ही एक.

शरीर जुने हाड सतत खरवडून काढते आणि त्या जागी नवे घालते. घट्ट कवचाच्या हाडात हे काम संथ चालते, वर्षाला काही टक्के एवढेच. विणीच्या हाडात मात्र दरवर्षी सुमारे पाव भाग नव्याने घडतो. म्हणून शरीरात काही बिघडले की त्याची झळ मणक्याला लवकर लागते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्त्रियांचे हाड झपाट्याने झिजते ते विशेषकरून कण्यात. खरवडणे चालू राहते, पण भरून काढणे मागे पडते. काड्या आधी बारीक होतात, मग काही तुटतात. एकदा तुटलेली काडी सहसा पुन्हा जोडली जात नाही.

उरणजवळच्या मोरा बंदरातल्या कोळ्यांच्या जाळ्यावरून हे नीट समजते. जाळे काट्यावर टाकले तर सुताचे वजन कळेल. पण दोन जाळी सारख्याच वजनाची असली आणि त्यातल्या एकाचे आस जागोजागी तुटलेले असले, तर मासळी धरण्याच्या कामी ती सारखी ठरत नाहीत. मणक्याचेही दोन प्रश्न असेच वेगळे आहेत. त्यात खनिज एकूण किती आहे, हा एक. ते कसे विणले आहे, हा दुसरा. पहिल्याला घनता म्हणतात. दुसरा प्रश्न हाडाच्या प्रतीचा आहे.

३. घनता कशी मोजतात, आणि ते मोजमाप कुठे चुकते

हाडांची घनता मोजण्याच्या प्रचलित यंत्राला डेक्सा म्हणतात. त्यातून दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. हाड आणि मऊ मांस हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्या फरकावरून हाडातल्या खनिजाचे वजन काढता येते. किरणांची मात्रा फार थोडी असते. हेच यंत्र सगळ्या शरीरावर फिरवले तर हाड, चरबी आणि चरबीविरहित भाग असे तिन्हींचे वजन वेगवेगळे मिळते. म्हणजे हाड आणि शरीररचना एकाच यंत्रावर मोजता येतात, आणि या विषयाचा बराच अभ्यास त्यामुळेच शक्य झाला.

कण्यासाठी कंबरेच्या पाच मणक्यांपैकी वरचे चार मोजतात. आलेली घनता तरुण, निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी ताडून पाहतात. सरासरीपासून ती किती पायऱ्या खाली किंवा वर आहे, तो आकडा म्हणजे टी-स्कोअर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये याच्या सीमा आखून दिल्या. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर हाड विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे सच्छिद्र व ठिसूळ होण्याचा आजार.

या मोजणीत एक मोठी उणीव आहे. डेक्सा हाडाची सावली पाहते. सावलीला लांबी-रुंदी असते, जाडी नसते. म्हणून इथली घनता दर घनसेंटीमीटरला किती ग्रॅम अशी येत नाही, दर चौरस सेंटीमीटरला किती ग्रॅम अशी येते. याचा परिणाम एका सोप्या हिशेबाने पाहता येईल. सोयीसाठी मणका म्हणजे एक चौकोनी ठोकळा मानू. एका ठेंगण्या बाईचा ठोकळा सर्व बाजूंनी ३ सेंटीमीटरचा आणि एका उंच बाईचा ३.६ सेंटीमीटरचा आहे. दोघींच्या हाडात दर घनसेंटीमीटरला ०.३ ग्रॅम खनिज आहे, म्हणजे खरी घनता अगदी सारखी. पहिलीच्या ठोकळ्यात ८.१ ग्रॅम खनिज भरते. त्याची सावली ९ चौरस सेंटीमीटरची, म्हणून यंत्रावर ०.९० येते. दुसरीत सुमारे १४ ग्रॅम खनिज, सावली १२.९६ चौरस सेंटीमीटर, आणि यंत्रावर १.०८. तरुणींची सरासरी १.०५ आणि एक पायरी ०.११ धरली तर पहिलीचा टी-स्कोअर उणे १.३६ निघतो आणि दुसरीचा अधिक ०.२७. सारख्याच घनतेचे हाड असून एकीच्या अहवालावर ‘हाड विरळ’ असा शिक्का बसतो. ठेंगण्या बांध्याची माणसे जिथे बहुसंख्य आहेत अशा समाजात हा शिक्का जपूनच वाचला पाहिजे.

उलट दिशेनेही चूक होते. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात, मणक्यांपुढून जाणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत चुना साठतो. यंत्राला हे सगळे खनिजच दिसते. आकडा फुगतो आणि आतले विरळ हाड झाकले जाते. पोट फार सुटलेले असेल तर हाडावरच्या चरबीच्या कमीजास्त थरामुळेही मोजणीत गोंधळ होतो.

४. विणीची आणि मज्जेची तपासणी

घनतेचा आकडा पुरेसा नाही हे लक्षात आल्यावर प्रत मोजण्याचे दुसरे मार्ग शोधले गेले. त्यांतला सर्वांत सोपा मार्ग डेक्साच्याच चित्रातून जातो. कंबरेच्या मणक्याचे चित्र करड्या ठिपक्यांचे बनलेले असते. वीण दाट आणि अखंड असेल तर शेजारशेजारच्या ठिपक्यांतला करडेपणा बारीक अंतरावर, थोडाथोडा बदलत जातो. वीण तुटकी असेल तर हा बदल ठळक आणि विरळ होतो. संगणक त्यावरून एक आकडा काढतो, त्याला ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर किंवा थोडक्यात टीबीएस म्हणतात. प्रचलित सीमा अशा की १.३५ च्या वर वीण चांगली, १.२० च्या खाली बिघडलेली, मधे अर्धवट. रुग्णाला वेगळे किरण द्यावे लागत नाहीत, हा याचा मोठा फायदा. फ्रॅक्सच्या गणितात टीबीएसची भरही घालता येते.

दुसरा मार्ग सीटी स्कॅनचा आहे. पोटाच्या किंवा छातीच्या दुखण्यासाठी काढलेल्या सीटीमध्ये कंबरेचा पहिला मणका बहुधा दिसतोच. त्याच्या आतल्या विणीचा दाटपणा हाउन्सफील्ड नावाच्या एककात मोजतात. पाणी म्हणजे शून्य, हवा उणे हजार. अमेरिकेतील २०१३ मधल्या एका गाजलेल्या पाहणीत असे दिसले की पहिल्या मणक्यात हा आकडा १६० च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता कमी, आणि ११० च्या खाली असेल तर ती बरीच जास्त. आधीच काढलेल्या चित्रातून ही माहिती फुकट मिळते. ती अहवालात क्वचितच लिहिली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरा मार्ग एमआरआयचा. तो हाडाऐवजी हाडातली मज्जा पाहतो आणि इथून चरबीचा विषय सुरू होतो. मणक्यातल्या पोकळ्यांत रक्त बनवणाऱ्या लाल मज्जेबरोबर चरबीच्या पेशीही असतात. तरुणपणी त्यांचा वाटा कमी असतो, वयाबरोबर वाढत जातो. हाड घडवणाऱ्या पेशी आणि मज्जेतल्या चरबीच्या पेशी एकाच मूळपेशीतून जन्मतात, हे येथे कळीचे आहे. मूळपेशी चरबीकडे वळल्या तितक्या हाडाकडे कमी येतात. एमआरआयच्या एका पद्धतीत चरबी उजळ दिसते. त्या चित्रात कंबरेच्या चार मणक्यांचा उजळपणा मोजून त्याला तिसऱ्या मणक्याजवळच्या मज्जारज्जू-द्रवाच्या उजळपणाने भागतात. समजा मणके ३०० आणि द्रव १००, तर गुणोत्तर ३. यालाच मणक्याच्या हाडाच्या प्रतीचा गुण, इंग्रजी आद्याक्षरांनी व्हीबीक्यू, म्हणतात. २०१९-२० च्या सुमारास कण्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तो पुढे आणला. मणक्यात स्क्रू बसवायचा तर तो धरेल की सुटेल, याचा अंदाज त्यांना आधी हवा असतो. इथे आकडा वाढणे वाईट, कारण त्याचा अर्थ मज्जेत चरबी जास्त. मात्र यंत्रागणिक आकडे बदलतात, म्हणून एका केंद्रातला आकडा दुसऱ्या केंद्राच्या सीमेवर ताडता येत नाही.

५. पुण्याची गोष्ट: सडपातळ, तरी चरबीयुक्त

२००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय काढतात तो दोघांचाही २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्यात सामान्य. डेक्सावर मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरे एकच असल्यामुळे हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर गेले. सारख्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय माणसात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात, हे दोन माणसांच्या एका फोटोने जितके पटले तितके अनेक तक्त्यांनीही पटले नव्हते.

या फोटोमागे पुष्कळ काम होते. १९९३ मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडची ३.५ किलोंची. आठशे ग्रॅमचा हा फरक सर्व अवयवांत सारखा वाटला गेलेला नव्हता. स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान होते, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखली गेली होती. सडपातळ पण चरबीयुक्त ही भारतीय घडण आईच्या पोटातच सुरू होते, असा त्याचा अर्थ.

याच खेड्यांतली मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांतल्या सुमारे सातशे मुलांची आणि त्यांच्या आई-वडिलांची हाडे डेक्सावर मोजली गेली. सगळ्या शरीराबरोबर कणाही त्यात होता. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या माता गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे, मांसमच्छी असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिज जास्त होते. ज्या मातांच्या रक्तात अठ्ठाविसाव्या आठवड्यात फोलेट चांगले होते, त्यांच्या मुलांच्या कण्याची घनताही अधिक होती. आजीच्या वाकलेल्या पाठीची सुरुवात पणजीच्या ताटात झालेली असू शकते, हे यावरून उमगते. पुण्याच्याच जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या गटाने मुलांच्या हाडांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. गरीब घरांतल्या लहानग्यांना कॅल्शियम मिसळलेले लाडू वर्षभर देऊन पाहण्याचा त्यांचा प्रयोग साधा होता आणि उपयोगी ठरला. ज्यांच्या लाडवात कॅल्शियम अधिक, त्यांच्या हाडांत खनिजाची भरही अधिक पडली.

या सगळ्याचा परिणाम बीएमआयच्या सीमांवरही झाला. युरोपीय माणसांसाठी २५ च्या पुढे जादा वजन मानतात, भारतीयांसाठी ही रेषा २३ वर आणली गेली आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही सीमा ठरली.

६. स्नायू हाडाला काय देतात

हाडावर ताण पडला की ते भक्कम होते, ताण गेला की विरघळू लागते. जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. अंतराळवीर हे त्याचे टोकाचे उदाहरण. वजनरहित अवस्थेत त्यांच्या कंबरेतले आणि मांडीतले हाड दर महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होते.

हाडावर पडणारा सर्वांत मोठा ताण शरीराच्या वजनाचा असतो असे वाटते, पण तसे नाही. तो स्नायूंच्या ओढीचा असतो. पाच किलोंची मासळीची पाटी दोन्ही हातांनी कण्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरली आहे असे समजा. ती पुढे ओढते, म्हणून पाठीचे स्नायू मागे ओढतात. हे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. तोल राखायला त्यांना आठपट जोर लावावा लागतो, म्हणजे ४० किलोंचा. मणक्यावर पाटीचे पाच आणि स्नायूंचे चाळीस मिळून पंचेचाळीस किलोंचा दाब येतो, त्यावर धडाचे वजन निराळे. तीच पाटी डोक्यावर चुंबळीवर ठेवली तर भार सरळ खाली उतरतो आणि पुढे ओढणारा भाग उरतच नाही, फक्त मानेच्या मणक्यांना पूर्ण वजन घ्यावे लागते. कोळणींची ही रीत कंबरेच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. मात्र वीण तुटलेल्या मणक्याला सरळ भारही सोसत नाही.

निरोगी कण्याला हा स्नायूंचा दाब पोषक असतो. चरबीविरहित भाग आणि चरबी यांपैकी हाडाशी अधिक घट्ट नाते कोणाचे, यावरच्या ४४ अभ्यासांचे २०१४ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यात वीस हजारांवर माणसे होती. मांडीच्या हाडाच्या मानेच्या घनतेशी चरबीविरहित भागाचे नाते चरबीपेक्षा अधिक पक्के निघाले. पुरुषांत आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांत हा फरक ठळक होता. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जवळजवळ पुसला गेला. याचे कारण पुढच्या भागात येते.

७. चरबी कुठे आहे, यावर अवलंबून

चरबी हाडाच्या बाजूनेही आणि विरुद्धही काम करते. पाळी गेल्यावर बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणे थांबते. पण चरबीच्या पेशी दुसऱ्या संप्रेरकांपासून थोडे इस्ट्रोजेन बनवत राहतात, आणि हाडाची झीज रोखणारे मुख्य संप्रेरक तेच आहे. म्हणून या वयात थोडी भरलेली बाई हाडांच्या बाबतीत किडकिडीत बाईपेक्षा सुरक्षित असते. शिवाय मांड्या-नितंबांवरची गादी पडल्यावर धक्का झेलते. सुरुवातीची ती समजूत येथून आली आहे.

पोटातल्या चरबीचे वागणे निराळे आहे. आतड्यांभोवती साठणारी ही चरबी सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. त्यांच्यामुळे हाड खरवडण्याचे काम वाढते. लठ्ठ स्त्रियांवरच्या अमेरिकेतील अभ्यासांत पोटातली चरबी जितकी जास्त तितकी मणक्याच्या मज्जेतही चरबी जास्त, असे आढळले. आणि उपासमारीचा मानसिक आजार झालेल्या, हाडांचा सापळा उरलेल्या मुलींमध्येही मज्जेतली चरबी वाढलेलीच निघाली. अंगावरची चरबी आणि मज्जेतली चरबी एकत्र वाढतात-घटतात असे नाही. शरीर अति खाण्यातही हाड गमावते आणि उपासातही.

मधुमेहात ही गुंतागुंत सर्वांत स्पष्ट दिसते. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात पन्नाशी ओलांडलेल्या २९ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेही स्त्रियांची घनता इतरांपेक्षा जास्त होती, टीबीएस मात्र कमी. म्हणजे खनिज भरपूर, वीण खराब. डेक्साचा अहवाल उत्तम असताना मधुमेह्याचे हाड का मोडते, याचे एक उत्तर येथे मिळते. ज्या महाराष्ट्रात सडपातळ माणसालाही मधुमेह होतो, तिथे हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. फ्रॅक्सच्या गणितातही मधुमेह्यांचा धोका असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

येथे एक सावधगिरी हवी. बीएमआय वाढला की टीबीएस घटतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण त्यातला काही भाग खरा आणि काही भाग यंत्राचा दोष आहे, कारण पोटाचा जाड थर मध्ये आला की चित्र धूसर होते. म्हणून टीबीएस बीएमआय १५ ते ३७ या पट्ट्यातच भरवशाचा मानतात, आणि नव्या आवृत्तीत थराची जाडी थेट हिशेबात घेतली जाते. सीटीतही मज्जेतल्या चरबीमुळे हाड आहे त्यापेक्षा विरळ भासते. कोणत्याही एका आकड्यावर निकाल का देऊ नये, ते यावरून कळते.

सुटलेल्या पोटाचा यांत्रिक तोटाही आहे. पोटावर आठ किलो जादा चरबी असेल आणि तिचा भार कण्यापासून १५ सेंटीमीटर पुढे पडत असेल, तर आधीच्याच हिशेबाने पाठीच्या स्नायूंना २४ किलोंचा जोर अखंड लावत राहावा लागतो. स्नायू दुबळे असतील तर धड पुढे झुकते आणि मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब एकवटतो. ठिसूळ मणका चेपतो तो याच कडेने, आणि पाठीला कुबड येते ते त्यामुळेच.

८. मोऱ्यातल्या घरात हे कसे पाहावे

उरण तालुक्याचा दिनक्रम दोन पिढ्यांत बदलला. भातशेती, मिठागरे, होड्या आणि पाट्या यांच्या जागी १९८९ नंतर न्हावा-शेव्याचे बंदर, कंटेनरची गोदामे आणि खुर्चीवरची कामे आली. २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत पोचली. भाऊच्या धक्क्याची लाँच अजून मोरा बंदराला लागते, पण आजीने जितके वजन उचलले त्याच्या अंशानेही नातीच्या पाठीला उचलावे लागत नाही. कष्ट गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या कष्टांतून पाठीला जे मिळत होते ते आता ठरवून मिळवावे लागते.

स्नायूंची परीक्षा घरीही होते. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार ती स्नायू कमी पडल्याची खूण आहे. मुठीचा जोर मोजणारे उपकरण असेल तर पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलोंच्या खाली धोका. कंबरेचा घेर टेपने मोजता येतो.

आहाराची बाजू किनाऱ्यावर सोपी आहे. जवळा, मांदेली यांसारखी अख्खी खाल्ली जाणारी छोटी मासळी कॅल्शियम देते, तारली आणि बांगडा यांतून थोडे ड जीवनसत्त्वही मिळते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम, अशी भारतीय शिफारस आहे. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते, रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेतानेच खावी. प्रथिने वाढत्या वयात कमी करायची नसतात. वृद्धांना दर किलो वजनामागे एक ग्रॅम किंवा थोडी अधिक लागतात, फक्त मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

व्यायामाने कण्याचे हाड खरोखर वाढते का? ऑस्ट्रेलियात हाड विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांवर हा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलणाऱ्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. चालणे हृदयाला उत्तम, पण मणक्याला ते पुरत नाही. हा व्यायाम शिकवणाऱ्याशिवाय सुरू करू नये, आणि मणका आधी चेपलेला असेल तर पुढे वाकून काही उचलू नये.

वजन उतरवतानाही सांभाळावे लागते. दहा टक्के वजन उतरले की मांडीच्या हाडाची घनता साधारण एक ते दोन टक्के घटते आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. नुसता उपास करून किंवा नुसती वजन घटवण्याची इंजेक्शने घेऊन उतरवलेल्या वजनात ही घट अधिक होते. वजनांचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने जोडीला असली तर ती बरीच रोखता येते.

चेपलेल्या मणक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कधी ओळखलेच जात नाहीत. पाठदुखी वयाची म्हणून सोडून दिली जाते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा अधिक उंची कमी झाली असेल, किंवा घागर उचलण्याइतक्या साध्या कामानंतर पाठीत अचानक कळ येऊन ती आठवडाभर राहिली, तर कण्याचा क्ष-किरण फोटो काढून घ्यावा. वजन सामान्य आहे किंवा अंगाने भरलेले आहे, म्हणून तो टाळू नये.